प्रायव्हेट लेक

मागच्या शनिवारी भल्या पहाटे कोपरीहून निघालो. मी, एक मित्र, त्याची बायको आणि पोरगा. मित्राला मुरबाडच्या पुढे वीकेंड होमसाठी प्लॉट बघायचा होता आणि मी इंजिनियर (सॉफ्टवेअरचा का असेना!) म्हणून बरोबर. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय होतं? 'प्रायव्हेट लेक'.

लेक म्हणजे ओढ्यावर मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी. बांध दोन मजले उंच असेल. माथ्यावर लॉन, बाकडी, उतारावर बऱ्यापैकी वाढलेली झाडं. एका कडेला सांडवा, म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट. आणि त्या सांडव्यातच विटांची गुडघाभर भिंत! कशाला? तर "लेव्हल वर राहते साहेब, फोटो मस्त येतात."

मी बांधाच्या मागच्या अंगाला उतरलो. भर उन्हाळ्यात पायथ्याशी चिखल. तिथून खाली ओढ्याच्या काठाने पंधरा-वीस घरांचा पाडा. मॅनेजरला विचारलं, बांधाचं डिझाइन कुणी केलं? म्हणाला, जेसीबीवाल्याने. तपासणी?

"प्रायव्हेट आहे साहेब. कोण तपासणार?"

हे वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितोय.

जमीन मालकाची, सातबारा मालकाचा, बांध मालकाचा, सगळं मान्य. पण पाणी सातबारा बघून वाहत नाही. साधा हिशेब करा. एक हेक्टरचं तळं, सरासरी तीन मीटर खोल. झाले ३० हजार घनमीटर, म्हणजे ३ कोटी लिटर. सोसायटीत येतो त्या १० हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत ३ हजार टँकर. बांध फुटला तर हे सगळे टँकर एकदम त्या पाड्यावर रिकामे होणार. ह्यात प्रायव्हेट ते काय राहिलं?

मातीचं धरण वाईट नसतं. नीट बांधलं, नीट सांभाळलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पण त्याच्या दोन खोडी आहेत. एक, पाणी माथ्यावरून वाहू लागलं की माती धुपून जाते आणि थोड्या वेळात खिंडार पडतं. म्हणून सांडवा हा त्याचा जीव, आणि आमचे साहेब त्यातच विटा रचून बसलेत. दुसरी, आतून होणारा पाझर. थोडंफार स्वच्छ पाणी झिरपणं चालतं. ते गढूळ यायला लागलं की समजावं, पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय. झाडांची मुळं कुजली, उंदीर-खेकड्यांनी बिळं केली की पाण्याला आयती वाट मिळते.

खेकडे म्हटल्यावर आठवलं ना? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचंच. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं मेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. सगळा महाराष्ट्र हसला. मला विचाराल तर खेकडे बिळं करतात हे खरंच आहे. म्हणूनच तर माणसाने तिथे जाऊन बघायचं असतं! आणि ते तर सरकारी धरण होतं, निदान जाब विचारायला एक खातं होतं. इथे कुणाला विचारणार?

कायदा आहे की, म्हणाल. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे, आणि तो खासगी कंपनीच्या धरणालाही लागू होतो. पण १५ मीटरहून उंच धरणांना. १० ते १५ मीटरमधली काही अटींवर येतात. १० मीटरच्या खाली तो बघतच नाही. आपला दोन मजली बांध ह्या चाळणीतून अलगद खाली पडतो.

केनियात सोलाईला ९ मे २०१८ च्या रात्री असंच खासगी मळ्यावरचं मातीचं धरण फुटलं आणि चाळीसहून अधिक लोक गेले. धरण मळ्याला पाणी द्यायला बांधलेलं. मेले ते खालच्या वस्तीतले. मालक वर, माणसं खाली, हा नकाशा सगळीकडे सारखाच.

"पंधरा पावसाळे काढले, काही झालं नाही," हे मॅनेजरचं शेवटचं अस्त्र. आमच्या धंद्यात हे रोज ऐकतो. बग रिपोर्ट आला नाही म्हणजे बग नाही असं नसतं, तो इनपुट अजून आला नाही एवढंच. २६ जुलै २००५ बघितलेल्या ठाणेकराला तो इनपुट कसा असतो हे मी काय सांगू?

गंमत बघा. कोपरीतली आमची बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढची. उपविधीप्रमाणे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. मीटिंगमध्ये खर्चावरून भांडणं होतात, पण होतं. कारण पडली तर आपल्याच डोक्यावर पडणार. बांधाखाली आपलं डोकं नाही, म्हणून ऑडिट नाही. इतका सरळ हिशेब आहे हा.

लगेच कुणी म्हणेल, आता गरीब शेतकऱ्याच्या शेततळ्यालाही इन्स्पेक्टर लावणार का? नाही हो. जमिनीत खणलेला खड्डा फुटत नाही. प्रश्न जमिनीच्या वर पाणी उचलून धरणाऱ्या बांधाचा आहे, तोही खाली घरं असतील तेव्हा. अशा प्रत्येक बांधाची तहसीलमध्ये नोंद हवी. दर वर्षी पावसाळ्याआधी सिव्हिल इंजिनियरने तपासून दाखला द्यावा, मालकाच्या खर्चाने. आणि पाड्यात त्याची एक प्रत हवी, रात्री-अपरात्री लावायच्या फोन नंबरासकट. लेक दाखवून लाखोंचे प्लॉट विकणाऱ्याला एवढं जड नाही.

आणि आपणही साव नाही बरं का. लेकव्ह्यू मागणारे आपणच. टोकन देण्याआधी व्हास्तू विचारतो, वायफाय विचारतो. खाली कोण राहतं, हे कोण विचारतं?

असो. मित्राने टोकन दिलेलं नाही. तहसीलदारांच्या नावाने अर्ज लिहिलाय, सांडव्याचे आणि चिखलाचे फोटो जोडलेत. सोमवारी पोस्टात टाकतोय. पावसाच्या आत त्या विटा निघाल्या तर इथेच सांगीन. नाही निघाल्या, तरी सांगीनच.