दप्तराच्या तळाची कुपी

गेल्या श्रावणातील एका दुपारी आमच्या शाळेतील नववीचा एक वर्ग अकस्मात रिकामा करावा लागला. बाहेर बेळगावचा पाऊस कोसळत होता, म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. एका मुलीच्या दप्तरात तिच्या वडिलांनी ‘पेपर स्प्रे’ची लहानशी कुपी घालून दिली होती. पाठीमागच्या बाकावरील मुलाने ती अत्तराची समजून हाती घेतली आणि खटका दाबला. फार तर अर्धा सेकंद. तेवढ्याने सारा वर्ग खोकत, डोळे चोळीत व्हरांड्यात आला. दम्याचा विकार असलेल्या एका विद्यार्थ्यास दवाखान्यात न्यावे लागले. सायंकाळी तो सुखरूप घरी परतला, ही ईश्वराची कृपा.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांची सभा भरली. अशा कुप्या शाळेत आणण्यास सक्त मनाई करावी, असे बहुतेकांचे मत पडले. मी विज्ञान शिकविते आणि त्या दुपारी मुलांचे डोळे धुण्यास मीही नळापाशी उभी होते. तरीही हा ठराव मला पटला नाही. का पटला नाही, हे सभेत पाच मिनिटांत सांगता आले नाही, म्हणून या अंकाच्या संपादकांकडून थोडी जागा मागून घेतली आहे.

मुळात ही वस्तू काय आहे हे घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. नाव ‘पेपर’चे असले तरी तीत काळ्या मिरीचा कणही नसतो, असतो तो मिरचीचा तेलकट अर्क. मिरची आपल्या देशात आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या गलबतांतून. आज मात्र आपल्या स्वयंपाकघरात तीच घरधनीण होऊन बसली आहे. तिच्यातील ‘कॅप्सेसिन’ नावाचे द्रव्य शरीरातील उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जाऊन चिकटते आणि काहीही भाजलेले नसताना भाजल्याची वर्दी मेंदूकडे धाडते. ही वर्दी नेमकी कोणत्या द्वारातून जाते, ते डेव्हिड ज्यूलियस या शास्त्रज्ञाने 1997 साली दाखवून दिले. पुढे 2021 मध्ये त्यांना जे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यामागे हेच संशोधन होते. फोडणीत मिरची करपली की खाट उठतो आणि माजघरातल्या आजोबांनाही ठसका लागतो. कुपीतला फवारा म्हणजे तोच खाट, पण शेकडो पटींनी तीव्र आणि नेमका डोळ्यांवर रोखलेला. तो लागला की डोळे आपोआप मिटतात, खोकल्याची उबळ येते आणि साधारणतः अर्धा-पाऊण तास माणूस हतबल होतो.

पण ‘साधारणतः’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दारूच्या वा अन्य मादक पदार्थांच्या अमलाखाली असलेल्या काही माणसांना वेदना उशिरा जाणवते, काहींना फारशी जाणवतही नाही. दुकानदार हे सांगत नाही. तो सांगतो ते कुपीवरचे मोठमोठे आकडे. 1912 साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधनिर्मात्याने तिखटपणा मोजण्याची रीत काढली : अर्क साखरेच्या पाण्यात विरळ करीत जायचे आणि जिभेला तो कळेनासा होईपर्यंत किती पट विरळ करावा लागला ते मोजायचे. कुपीवर लिहिलेले लाखांचे आकडे पुष्कळदा याच मापातले असतात. पण ते मूळ अर्काचे असतात, विरळ करून कुपीत भरलेल्या मिश्रणाचे नव्हेत. ‘दहा टक्के अर्क’ या शब्दांतही तसाच चकवा आहे, कारण अर्कच कमी तिखट असेल तर त्याच्या दहा टक्क्यांनी काय होणार? पाहायचे ते भरलेल्या द्रावणात प्रत्यक्ष कॅप्सेसिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये किती आहेत, हे. आणि ज्या कुपीवर ते छापलेलेच नाही, ती घेऊ नये असे मी म्हणेन. रंगावर तर मुळीच जाऊ नये. आपल्या शेजारच्या हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी मिरची रंगाने लालभडक, पण तिखटाला बेताची, हे घरोघरच्या आयांना ठाऊक आहे. तीच गोष्ट कुपीतल्या लाल पाण्याची.

दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे तारीख. आतला अर्क टिकला तरी त्याला बाहेर ढकलणारा वायू हळूहळू निसटतो, म्हणून कुपीला मुदत असते. माझ्या एका भाचीने मुदत उलटून दोन वर्षे झालेली कुपी पर्समध्ये बाळगली होती. रात्री रस्त्यावर एक माणूस मागे लागला तेव्हा तिने खटका दाबला, तर दोन थेंब तिच्याच बोटांवर ओघळले. सुदैवाने समोरून एक दूधवाला येत होता. ही हकीकत ऐकल्यापासून कुपी दाखविणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिला प्रश्न तारखेचा विचारते, आणि उत्तर देता येईल अशा मुली फार थोड्या निघतात.

कुप्यांचे प्रकारही असतात. काहींतून धुके निघते. नेम चुकला तरी ते पसरून लागते, परंतु वारा उलटा असला म्हणजे सोडणारीच्याच तोंडावर परतते. काहींतून पिचकारीसारखी सरळ धार निघते. तिला वारा कमी बाधतो, पण नेम लागतो. काहींत घट्ट जेलीसारखा पदार्थ असतो. तो वाऱ्याला दाद देत नाही, हवेतही फारसा मिसळत नाही. ज्या मुलीला बसमध्ये किंवा अरुंद बोळात याची गरज पडू शकते, तिने धुक्याची कुपी घेऊ नये. बंद जागेतला फवारा शत्रू-मित्र जाणत नाही. 13 फेब्रुवारी 2014 रोजी तेलंगणाच्या विधेयकावरील गोंधळात खुद्द लोकसभेत एका सदस्याने असा फवारा उडविला आणि कित्येक खासदारांना रुग्णालयात न्यावे लागले. देशाच्या सर्वोच्च सभागृहात जे घडले, त्याबद्दल नववीच्या पोराला किती रागवावे, हा प्रश्न मला त्या सभेत सुचला होता; विचारला नाही.

आता वापराविषयी. कुपीचा पल्ला तीन-चार मीटरांहून क्वचितच अधिक असतो. म्हणजे संकट दारात येईपर्यंत ती निरुपयोगी, आणि दारात आल्यावर तिला शोधायला वेळ नाही. पुस्तके, डबा, छत्री, स्वेटर यांच्या खाली दप्तराच्या तळाशी पडलेली कुपी ही नसल्यासारखीच होय. वाट निर्जन लागली की ती हातात हवी, अंगठा अडसरावर हवा, आणि तो अडसर अंधारात न पाहता सरकविता आला पाहिजे. प्रथम मोठ्याने ओरडावे. तरी माणूस पुढे आलाच तर डोळ्यांच्या रोखाने एक-दोन सेकंद फवारा मारावा, मारतानाच बाजूला सरावे, कारण आंधळा झालेला माणूसही त्याच रेषेत झेपावत येतो. आणि मग पळावे. उजेडाकडे, माणसांकडे पळावे आणि 112 या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. पडला की नाही, पाहत थांबू नये. ही कुपी लढाई जिंकण्यासाठी नाही. पळण्यापुरते काही क्षण विकत घेण्यासाठी आहे. स्वतःच्या डोळ्यांत गेलेच तर चोळू नये, मोकळ्या हवेत यावे आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळे धुवावेत. अर्क तेलकट असल्याने पहिल्या चुळकाभर पाण्याने आग थांबत नाही, त्यामुळे धीर सुटतो. आमच्या मुलांनी त्या दुपारी हातांनी डोळे चोळले आणि हातांवरचे सारे आत घातले.

कायद्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. आपल्या देशात ही कुपी बाळगण्यास शस्त्राचा परवाना लागत नाही. (विलायतेस शिकण्यास जाणाऱ्यांनी मात्र ती येथेच ठेवावी, तेथे 1968 च्या कायद्यानुसार ती निषिद्ध शस्त्रांत मोडते.) स्वसंरक्षणाचा हक्क 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 या कलमांत सांगितला आहे, पण त्यातलेच 37 वे कलम असे बजावते की, बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणासही नाही. 2024 सालीच जागेच्या वादात फवारा मारल्याच्या एका प्रकरणी कर्नाटक उच्च न्यायालयाने आरोपींवरील खटला रद्द करण्यास नकार दिला आणि असा फवारा घातक शस्त्र ठरू शकतो, असे मत नोंदविले. भांडणात, थट्टेत, सूड म्हणून तो मारला तर मारणाराच गुन्हेगार ठरेल, हे मुलांना शिकविले पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘बाई, हे सारे मनाईच्याच बाजूचे झाले!’ वर्गात कुपीचे काही काम नाही, हे मला मान्यच आहे. परंतु माझ्यासमोर एक विद्यार्थिनी आहे. ती खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून येते. दहावीचे जादा तास साडेपाचला सुटतात. डिसेंबरात ती फाट्यावर उतरते तेव्हा पुरता काळोख असतो, आणि तेथून घर दीड किलोमीटर. दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीहून उंच ऊस. जादा तास आम्ही ठरविले, तिने नव्हे. तिला त्या वाटेवर धाडणाऱ्या शाळेने तिच्या हातातील कुपी मात्र काढून घ्यावी, यात न्याय कोठे आहे?

आणि पालकांनाही एक विचारावेसे वाटते. कुपी दप्तरात टाकली म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी समजूत घराघरांत शिरू लागली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल सांगतात की, नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचाच असतो : शेजारी, नातलग, स्नेही. ज्याला आपण ‘काका’ म्हणतो त्याच्यावर कोणती मुलगी खटका दाबील? तेथे उपयोगी पडते ती घरातली मोकळीक. मुलीने येऊन सांगितले तर तिच्यावर विश्वास ठेवणारी आई, आणि ‘तूच काही केले असशील’ असे न म्हणणारा बाप. ही वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नाही. शिवाय घरातील मुलग्यांशी या विषयावर कोणी दोन शब्द बोलले आहे काय? मुलीला कुपी आणि मुलाला काहीच नाही, ही वाटणी मला विचित्र वाटते.

तेव्हा मनाईच्या ठरावाऐवजी मी चार गोष्टी लेखी सुचविल्या. ज्यांना दूर जावयाचे आहे त्यांनी सकाळी कुपी नाव लिहून कार्यालयात ठेवावी व सुटताना परत न्यावी. तारीख तपासण्याचे काम मी करीन. दहावीचे जादा तास हिवाळ्यात सकाळी घ्यावेत. फाट्यावर उतरणाऱ्या मुलींच्या पालकांनी पाळीपाळीने तेथे उभे राहावे. आणि कुपी बाळगणाऱ्या प्रत्येकीने ती आधी चालवून पाहावी. केवळ पाणी भरलेल्या सरावाच्या कुप्या बाजारात मिळतात. मुख्याध्यापकांनी पहिली आणि चौथी सूचना मान्य केली आहे. तासांच्या वेळेचा प्रश्न अद्याप व्यवस्थापक मंडळापुढे आहे, आणि हा अंक हाती पडलेल्या पालकांपैकी काहींनी त्याबाबत मंडळाला पत्रे धाडली तर मला आनंद होईल.

पहिला सराव गेल्या शनिवारी मैदानावर झाला. नारळाच्या झाडाला एक जुनी टोपी अडकविली होती. अकरा मुली होत्या. पहिल्या खेपेस अडसर वेळेवर उघडला तो चौघींना. खानापूरकडची ती मुलगी शेवटी उभी राहिली. तिने आधी चिमूटभर माती उचलून वाऱ्यात सोडली, पाहिली, आणि दोन पावले डावीकडे सरकून उभी राहिली.