भांगेच्या पानातील औषध आणि मेंदूचा मार

डोक्याला जबर मार बसून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला गांजा-भांगेच्या झाडातून काढलेले एक द्रव्य पुन्हा उभे करू शकते, ही वार्ता आता खेड्यापाड्यांपर्यंत पोचली आहे. या द्रव्याचे नाव कॅनाबिडिऑल; सारे जग त्याला सीबीडी म्हणते. ते नशा आणीत नाही. नशा आणणारे द्रव्य त्याच झाडात असले तरी निराळे. वैद्यकशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. परंतु औषध कोणाच्या पैशाने सिद्ध व्हावे आणि ते सिद्ध होण्यापूर्वी त्याची किंमत कोणी मोजावी, हे प्रश्न अर्थशास्त्राचेच आहेत.

परभणीहून झरीमार्गे जिंतूरला जाणाऱ्या रस्त्यावरील बोरीसारख्या गावी हे प्रश्न पुस्तकी राहत नाहीत. दिवे नसलेला ट्रॅक्टर, मोटारसायकलीवर तिघे आणि डोक्यावर रुमालाखेरीज काही नाही, हे दृश्य या बाजूला नवे नाही. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांपैकी 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. मेलेल्यांची गणती होते. जो वाचतो, पण ज्याला पोटच्या पोराचे नाव आठवत नाही, ज्याला मधूनच फेफरे येते आणि जो पूर्वी कधी नव्हता इतका चिडखोर होतो, त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. अशा घरात एकाची नव्हे, दोघांची मजुरी बुडते, कारण बायको किंवा आई अष्टौप्रहर त्याच्या उशाशी बसते. आधी परभणी, मग नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर, अशा फेऱ्यांत बैल विकले जातात, जमीन गहाण पडते. आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी मोबाइलवर तेलाची बाटली दाखवितो.

या आशेला काहीच आधार नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1839 साली कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने या वनस्पतीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत आकडी येणाऱ्या एका तान्ह्या बालकावरील उपचाराची हकीकत आहे. सीबीडीची रासायनिक रचना इस्रायलमध्ये राफाएल मेशूलाम यांनी 1963 साली उलगडली. 2018 च्या जूनमध्ये अमेरिकेने लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचे औषध मान्य केले. म्हणजे कलकत्त्यातील त्या बालकाच्या दुखण्याच्या जातीवरच, पावणेदोनशे वर्षांनी! मेंदूच्या इजेबाबत मात्र आजवरचा पुरावा मुख्यतः उंदीर-घुशींवरील प्रयोगांचा आहे. त्यांत मेंदूची सूज आणि दाह कमी झालेला दिसतो, आणि हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

माणसांवरचा जो पुरावा नेहमी पुढे केला जातो तो लॉस एंजेलिसचा, 2014 सालचा. मेंदूला इजा झालेल्या 446 रुग्णांपैकी ज्यांच्या लघवीत गांजाचे अंश सापडले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण 2.4 टक्के निघाले. इतरांत ते 11.5 टक्के होते. फरक डोळे दिपविणारा आहे. तथापि संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही येथे थबकेल. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. शिवाय तेथे मोजले गेले ते नशेचे द्रव्य, सीबीडी नव्हे. खरी कसोटी लागली ती निराळ्याच प्रसंगी. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात निर्माण झालेले डेक्सानॅबिनॉल हे याच कुळातील कृत्रिम द्रव्य प्राण्यांत फार गुणकारी ठरले होते. पुढे 15 देशांतील 861 रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. 2006 साली निष्कर्ष आला: सहा महिन्यांनी औषध घेतलेले आणि न घेतलेले यांच्या स्थितीत फरक नाही. 2014 साली प्रोजेस्टेरॉनच्या दोन मोठ्या चाचण्यांचीही हीच गत झाली. सीबीडी या दोहोंपेक्षा निराळे आहे, हे खरे. पण उंदरापासून माणसापर्यंतच्या वाटेवर आशा किती वेळा गळून पडते, याचा हा दाखला आहे.

आता बाजाराकडे वळू. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली, पण शेंड्यांशिवायचे पान व्याख्येबाहेर ठेवले. त्या पानाचा अर्क 'विजया' या आयुर्वेदीय नावाने परवान्यानुसार विकला जातो. औषध नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे आणि ती वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यावयाची आहे; मात्र ग्रंथोक्त औषधाला नव्या औषधाप्रमाणे मोठ्या चाचणीतून जावे लागत नाही. येथे थोडे त्रैराशिक मांडावे. अपस्मारासाठी अमेरिकेत मान्य झालेली मात्रा दर किलो वजनास दिवसाला दहा ते वीस मिलिग्रॅम आहे. पन्नास किलोच्या माणसाला ती पाचशे ते हजार मिलिग्रॅम पडते. बाटलीत एकूण हजार मिलिग्रॅम द्रव्य असले तर ती एक-दोन दिवसांत संपेल. मेंदूच्या इजेला किती मात्रा लागेल हे ठरलेले नाही. पण महिनाभर पुरविलेल्या चार-चार थेंबांत औषध किती आणि समाधान किती, याचा विचार विकणाऱ्याने नाही तरी घेणाऱ्याने करावयास हवा. शिवाय मोठ्या मात्रेत सीबीडी यकृतावर ताण आणते, आणि व्हॅल्प्रोएटबरोबर घेतल्यास तो वाढतो. डोक्याच्या इजेनंतर फेफऱ्यासाठी अनेकांना नेमके हेच औषध चालू असते.

केनेथ ॲरो यांनी 1963 साली दाखवून दिले की वैद्यकीय बाजारात घेणाऱ्याला मालाची पारख नसते आणि तेथे बाजाराचे नेहमीचे नियम लागू पडत नाहीत. बाटली विकणाऱ्याला चाचणीचा खर्च करण्याचे कारणच नाही; ती चाचणीवाचूनही खपते. ज्या झाडावर कोणाचीच मालकी नाही त्याचा गुण सिद्ध करून एकट्याला लाभ थोडा, सर्वांना मोठा. अशा कामाला सरकारी पैसा लागतो. जम्मूच्या भारतीय एकात्मिक वैद्यक संस्थेत या वनस्पतीची संशोधनासाठी रीतसर लागवड होते. रुग्ण तर दुर्दैवाने आपल्याकडे मुबलक आहेत. नांदेड, संभाजीनगर आणि अंबाजोगाई येथील शासकीय महाविद्यालयांतून, शुद्ध द्रव्य फुकट देऊन, अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना निव्वळ तेल अशी चाचणी राज्य सरकारने का हाती घेऊ नये? रुग्णाने पैसे मोजावयाचे नाहीत, ही तिची पहिली अट असावी. (2021 साली सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने कोणत्याच पिकाला भाव नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. त्याच्या उद्वेगाला उत्तर या झाडाने नव्हे, शेतमालाच्या भावाने द्यावयाचे आहे.)

चाचणी झाली तरी तिचा निकाल यावयास काही वर्षे जातील. तोवर रुग्णाचे काय? केंद्राने मे 2025 मध्ये अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची योजना लागू केली. तीत दीड लाखापर्यंतचा खर्च मिळतो, पण अपघातापासून सात दिवसांपर्यंतच. मेंदूची इजा सात दिवसांत बरी होत नाही. हातपाय चालविण्याचे, बोलण्याचे, घास गिळण्याचे शिक्षण त्यानंतर सुरू होते आणि ते वर्षभर चालते. ते देणारा प्रशिक्षित माणूस जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी आठवड्यातून दोन दिवस तरी सरकारी पगारावर बसला पाहिजे, आणि बोरीच्या रुग्णाला तेथवर नेण्याआणण्याचे भाडे योजनेतून मिळाले पाहिजे.