चौकजवळचा आग्र्याचा किल्ला

चौक गाव सोडून कर्जतच्या रस्त्याला लागलं, की कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी 2005 मध्ये उभारलेला एनडी स्टुडिओ येतो. 2008 च्या ‘जोधा अकबर’ चित्रपटासाठी इथेच आग्र्याचा किल्ला उभा राहिला. सेटच्या भिंती लांबून अस्सल दगडी वाटायच्या. जवळ जाऊन बोटाच्या पेरानं वाजवलं, की आवाज पोकळ यायचा. आत सांगाडा, वर प्लास्टर आणि रंग. तरीही मी याला फसवणूक म्हणणार नाही. कमानीखालून जाताना मान आपोआप वर व्हायची, किल्ल्याच्या चौकात आलं की पाऊल मंदावायचं. शहर अंगाला कसं जाणवतं, हे देसाईंना पक्कं उमगलं होतं. आपल्या नव्या टॉवरांखाली असं काही होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुसरी पातळ भिंतही याच पट्ट्यात आहे: ठाकर आदिवासींच्या वाड्यांत कारवीचा कूड शेणामातीनं लिंपतात. ती भिंतही पातळच, पण तिच्याआड पिढ्या नांदल्या. वास्तुकलेच्या पोरांना इथे आणावं, आधी एखाद्या सेटची भिंत वाजवायला लावावी आणि मग ओल्या कुडावर हात ठेवायला सांगावं. लिंपणाऱ्या बाईची चार बोटं त्यात उमटलेली दिसतात.