उसाच्या पट्ट्यात परसबाग का हवी? वारणानगर परिसराचा विचार

१९५०च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांनी वारणा काठी साखर कारखान्याची उभारणी केली आणि पन्हाळा तालुक्यातील वारणानगर-कोडोली परिसराचे अर्थकारण उसाभोवती फिरू लागले. पुढे दूध संघ, वारणा बझार, शाळा-महाविद्यालये आली. गावाला शहरी रूप आले, परसातील मोकळ्या जागेवर स्लॅबची घरे आली. घरची भाजी मात्र मागे पडली.

तोटा केवळ भाजीचा नाही. ऊस तुरा येण्याआधीच तोडावा असा आपला प्रयत्न असतो. तुरा आला तरी त्यात मधमाशीला मकरंद नाही. सलग उसाच्या शिवारात सातेरी, फुलोरी आणि पोयाच्या माश्यांना वर्षभर फूल मिळणार कुठे? बांधावरची झाडे गेली की उरते घराभोवतीची जागा. काकडी, कारली, भोपळा यांची नर व मादी फुले वेगळी असतात. कीटक आले नाहीत तर फळधारणा होत नाही. म्हणजे परसबाग माशीला जगवते आणि माशी परसबागेला.

कोल्हापूरचीच वाट

शहरी शेतीचा धडा बाहेरून आणण्याची गरज नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी कोल्हापुरातून ‘प्रयोग परिवार’ चालवला. पालापाचोळ्यापासून हलकी, सकस माती करण्याची त्यांची पद्धत मुंबईच्या गच्च्यांवर पोहोचली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर २००२ पासून भाजीपाला व फळझाडे वाढवली गेली. स्वयंपाकघरातील ओला कचरा तिथेच जिरला. जे पोर्ट ट्रस्टला पालापाचोळा गोळा करून करावे लागले, त्यासाठी आपल्याकडे पाचट शेतात पडून असते, आणि बरेचदा आपण ते पेटवतो.

काय करावे

- पाचट बारीक करून अमृतजलात भिजवावे. १० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र व ५० ग्रॅम गूळ घालून तीन दिवस ठेवावे. वापरताना दहापट पाणी मिसळावे.
- गच्चीवर निव्वळ माती भरू नये. ओल्या मातीचा १५ सें.मी. थर चौरस मीटरला सुमारे २७० किलो भरतो. पाचट-शेणखताचे मिश्रण हलके पडते. तरीही जुन्या स्लॅबसाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.
- कडेला झेंडू, तुळस लावावी. थोडी कोथिंबीर, बडीशेप फुलोऱ्यावर सोडावी.
- दोडका, दुधी भोपळ्याची फुले सायंकाळी उमलतात. त्यामुळे ‘संध्याकाळी फवारा’ हा नेहमीचा सल्ला इथे आंधळेपणाने देऊ नये. फुलोऱ्यात रासायनिक कीटकनाशक टाळावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

‘उमेद’च्या पोषण परसबागा आणि शाळांच्या परसबागा यांतून सुरुवात झाली आहे. पण बियाण्याची पाकिटे किती वाटली, यावर यश मोजले तर बाग उन्हाळ्यात सुकते. एप्रिल-मेमध्ये किती बागा हिरव्या आहेत, पाणी कोण घालते आणि घरचे बियाणे किती जणींनी धरले, हे विचारावे. बहुतेक घरांत हे काम बाईच्याच अंगावर पडते. त्यामुळे सांडपाणी बागेकडे वळवणे आणि घरातील कामाची वाटणी हाही तांत्रिक सल्ल्याचाच भाग मानावा. वारणा भगिनी मंडळासारखे महिलांचे संघटन आणि बचत गट इथे आहेत. बियाण्याची देवाणघेवाण त्यांच्यामार्फत झाली तर बाग योजनेपेक्षा जास्त टिकेल.

परसबाग उसाची जागा घेणार नाही आणि बाजारही बंद करणार नाही. पण ताटातली एक भाजी आणि शिवारातली मधमाशी, दोन्ही राखण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय सध्या तरी आपल्या हातात नाही.