मेल स्पॅममध्ये का जातात?

मा. संपादक,

‘छोट्या व्यापाऱ्यांचे मेल जीमेल मुद्दाम स्पॅममध्ये ढकलते’ हे आपल्या लेखकाचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

गुगल आणि याहूने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेले नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले. जीमेलच्या कडक अटी दिवसाला ५,००० च्या घरात किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी आहेत: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तिन्ही नोंदी आणि एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे हजारात तीनपर्यंतही, जाऊ द्यायच्या नाहीत. नागपूरच्या इतवारीतल्या पेढीला आणि मुंबईतल्या बँकेला माप एकच.

बर्डीवरच्या दुकानांत काय चालते? बिल करताना वहीत घाईने लिहिलेले पत्ते कुणीतरी एक्सेलमध्ये चढवतो. एक अक्षर गळले की पत्ता बाद. वर्षभर एकही मेल नाही आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, विकत आणलेल्या यादीसकट, हजारो एकदम! कितीतरी परत येतात. उरलेल्यांना दुकान आठवत नाही, ते स्पॅमचे बटण दाबतात. अशा डोमेनवर जीमेलने विश्वास का ठेवावा?

नव्या डोमेनला सुरुवातीला त्रास होतो, एवढे मान्य. पण त्यावर लेखकाने सुचवलेले महागडे सॉफ्टवेअर हा उपाय नव्हे. विचारून पत्ता घ्या, बाद पत्ते काढा, नियमित लिहा, संख्या हळूहळू वाढवा. आणि ‘नाव कमी करा’ची लिंक लपवू नका, ती सापडली नाही की ग्राहक तक्रारच करतो.

कळावे,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर