गळतीची सूचना मोबाईलवर येईल, पण बदलायला पिशवी कुठे आहे?

पोटाला लावलेली विष्ठेची पिशवी गळू लागली की मोबाईलवर सूचना देणारं उपकरण युरोपात आलं आहे. यावर कुणी म्हणेल, विज्ञानाची कमाल! कुणी म्हणेल, श्रीमंतांचे चोचले, आपल्या नागभीड-सिंदेवाहीच्या माणसाला त्याचं काय? आम्हाला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. हा प्रश्न सामाजिक न्यायाचा आहे आणि आंबेडकरी चळवळीने तो आपला मानला पाहिजे, एवढंच आम्हाला मांडायचं आहे.

आधी विषय नीट समजून घेऊ. आतड्याचा कॅन्सर, क्षयरोगाने किंवा टायफॉइडने आतड्याला पडलेलं छिद्र, अपघात, बाळाच्या गुदद्वारातला जन्मजात दोष अशा अनेक कारणांनी डॉक्टरांना आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढावं लागतं. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. कुणाचा काही महिन्यांपुरता असतो, कुणाचा आयुष्यभरासाठी. स्टोमावर माणसाचा ताबा नसतो. मल केव्हाही बाहेर येतो, म्हणून त्याभोवती चिकटणारी प्लेट आणि त्यावर पिशवी लावतात.

खरी अडचण प्लेटखाली सुरू होते. कडा सुटली की मल आत झिरपतो. लहान आतड्यातून येणाऱ्या मलात पाचकरस असतात, ते कातडी जाळतात. जळलेल्या ओल्या कातडीवर नवी प्लेट चिकटत नाही आणि गळती आणखी वाढते. माणसाला हे कळतं ते कपडे भरल्यावर किंवा शेजारचा नाक मुरडतो तेव्हा.

कोलोप्लास्ट या डॅनिश कंपनीचं 'हेलो' हे उपकरण इथेच काम करतं. प्लेटखाली सेन्सरचा पातळ थर लावतात. तिथे ओल पोहोचली की त्याला जोडलेला छोटा ट्रान्समीटर मोबाईलला संदेश देतो. गळती कपड्यापर्यंत यायच्या आधी माणूस आडोशाला जाऊन प्लेट बदलू शकतो. सेन्सर गळती थांबवत नाही, पण सावध होण्यापुरता वेळ मिळवून देतो. चारचौघांत वावरणाऱ्याला तो वेळ फार मोलाचा असतो.

या तंत्रज्ञानाचा इतिहासही आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावा. डेन्मार्कच्या एलिझ सोरेनसन नर्स होत्या. त्यांच्या बहिणीला स्टोमा झाला आणि लाजेने तिने घराबाहेर पडणं सोडलं. त्यातून १९५४ मध्ये एलिझना चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना सुचली आणि त्यातून पुढे १९५७ मध्ये कोलोप्लास्ट उभी राहिली. ब्रिटनचे मायकेल सेरेस स्वतः आतड्याच्या आजाराचे रुग्ण होते. पिशवी किती भरली हे सांगणारा सेन्सर त्यांनी स्वतःच्या गरजेतून घडवला. ज्याला सोसावं लागतं त्याला प्रश्न आधी दिसतो. आपल्या वस्त्यांतल्या आयटीआय, पॉलिटेक्निकच्या पोरांनी हे कुणा दुसऱ्याचं काम समजू नये.

आता आपल्या भागात या. आमच्या नागभीड परिसरात मोठ्या ऑपरेशनसाठी माणूस नागपूर किंवा चंद्रपूर गाठतो. गरिबाला परवडणारी नागपूर-नागभीड छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद केली गेली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होतं, रुग्णाला सुट्टी मिळते आणि योजना दवाखान्याच्या दारात थांबते. पिशवीची गरज मात्र घरी आल्यावर रोजची असते. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. चांगल्या प्लेट-पिशवीचा एक जोड त्याहून महाग पडतो आणि प्लेट साधारण तीन-चार दिवसांनी बदलावी लागते. मग माणूस पिशवी धुऊन पुन्हा लावतो, साधी प्लॅस्टिकची पन्नी नाहीतर फडकं बांधतो. त्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घामाने चिकट सुटतं. रोवणीत दिवसभर वाकावं लागतं, तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात ना आडोसा असतो ना पाणी.

म्हणूनच 'हे आपल्यासाठी नाही' म्हणणाऱ्यांशी आमचा वाद आहे. बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईला ही सूचना एसीत बसणाऱ्या साहेबापेक्षा जास्त लागते. तिला धावत जायला बाथरूम जवळ नाही. यंत्राबद्दल बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचाराचा समाचार घेतला. दोष यंत्रात नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेत आहे, अशी त्यांची मांडणी होती. आपण यंत्र नाकारायचं नाही, त्यावर हक्क सांगायचा.

पण हक्काची सुरुवात सेन्सरपासून होत नाही. इंग्लंडमध्ये पिशवी लावावी लागणाऱ्या कायम स्टोमाच्या रुग्णाला औषधं आणि पिशव्या सरकारी आरोग्यसेवेतून मोफत मिळतात. त्या पायावर सेन्सर उभा आहे. आपल्याकडे पायाच नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात स्टोमा नाही. त्याच कायद्याचं कलम २४ दिव्यांगांना उत्पन्नमर्यादेत मोफत साधनं देण्याची तरतूद सांगतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. पण यादीत नाव नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून निधी नाही. कागदावरच्या एका गाळलेल्या शब्दाची किंमत माणूस स्वतःच्या कातडीने मोजतो.

दुसरी लढाई मनातली आहे. घाण, वास, विटाळ यांवरून माणसाला दूर बसवणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. या देशाने मैला काही जातींच्या डोक्यावर दिला आणि मग त्याच माणसांना मैला ठरवलं. तोच शुद्ध-अशुद्धतेचा विचार आज स्टोमा असलेल्याचं ताट वेगळं करतो, लग्नाच्या पंगतीत त्याला कोपरा दाखवतो. तो आपल्या घरात आणि विहारातही शिरू शकतो. विनयपिटकातल्या महावग्गात प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूकडे बाकीचे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदासोबत त्याला स्वतः धुतलं, नीट निजवलं आणि मग संघाला जाब विचारला. आपला धम्म असा आहे. ज्याला वासाची किळस येते त्याने आपण कुणाचे अनुयायी आहोत ते तपासावं.

मग करायचं काय?

१. कायम स्टोमाचा दिव्यांगत्वाच्या यादीत समावेश व्हावा, यासाठी ग्रामसभांचे ठराव घ्या. तोवर ग्रामपंचायतीच्या १५ टक्के मागासवर्गीय निधीतून गरजू बांधवांना पिशव्या द्याव्यात, अशी मागणी लावून धरा.

२. जन आरोग्य योजनेत ऑपरेशनसोबत घरी लागणाऱ्या पिशव्यांचाही खर्च धरला जावा.

३. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक तरी नर्स स्टोमाची काळजी शिकलेली हवी. सेन्सरने सूचना दिली तरी प्लेट नीट कापून कशी बसवायची हे माणूसच शिकवतो.

४. सेन्सर येईल तेव्हा तो सरकारी खरेदीत यावा. बोलता न येणारं बाळ, कमरेखाली संवेदना गेलेला रुग्ण, डोळ्यांनी न दिसणारी म्हातारी यांना आधी मिळावा.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार जागतिक ऑस्टॉमी दिन असतो. त्यानंतर काही दिवसांनी आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जमतो, जिथे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्या माणसांना दीक्षा दिली. तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल या पिशव्यांचंही लागू द्या. प्लेट कशी लावतात ते उघडपणे दाखवा, नावं नोंदवा, निवेदनावर सह्या घ्या. जे लपवलं जातं त्यावर हक्क मागता येत नाही. ते आधी टेबलावर आणावं लागतं.

जय भीम!