जिल्ह्याच्या आराखड्यात गँगमन आणि पोस्टमन कुठे आहेत?

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. महसूल, पाटबंधारे, पोलीस, आरोग्य, वीज कंपनी अशा सगळ्या खात्यांचे अधिकारी जमतात. बोटी किती, पंप किती, धान्य कुठे साठवले, याचा हिशेब होतो. रेल्वेच्या एखाद्या अधिकाऱ्यालाही बोलावणे जाते. टपाल खात्याची आठवण फारशी कुणाला होत नाही. आणि ज्याने गेले वीस पावसाळे रात्रभर रुळावरून चालत काढले त्या गँगमनला, किंवा ज्याला वाडीतले प्रत्येक घर माहीत आहे त्या पोस्टमनला, अशी बैठक असते हेसुद्धा ठाऊक नसते.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्याच्या कलम २५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष, पोलीस अधीक्षक, मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि राज्य सरकारने नेमलेले जास्तीत जास्त दोन जिल्हास्तरीय अधिकारी. या रचनेत रेल्वे आणि टपाल ही केंद्राची खाती बाहेर राहतात, आणि त्यातले कामगार तर दाराच्याही बाहेर. पण याच कायद्याचे कलम २८ जिल्हा प्राधिकरणाला सल्लागार समित्या नेमण्याचा अधिकार देते. म्हणजे आम्हाला आत घ्यायला कायद्याची आडकाठी नाही.

आमचा मुद्दा साधा आहे. स्थानिक पातळीवरची आपत्तीची तयारी म्हणजे केवळ बोटी आणि पंप नव्हेत. गावाची, नदीची, घाटाची आणि माणसांची रोजची माहिती असणारा कामगार ही सुद्धा साधनसामग्री आहे. सरकारने ती मोजलेली नाही, आणि नोकरभरती रोखून व कंत्राटे देऊन ती हळूहळू संपवत आणली आहे.

रेल्वेच्या पुलाच्या खांबावर धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते. पावसाळ्यात महत्त्वाच्या पुलांवर पहारेकरी असतो. पाणी त्या खुणेला टेकले की गाडी रोखायची, हे त्याला कुणी नव्याने शिकवावे लागत नाही. गस्तीवाला हातात दिवा, शिट्टी, झेंडे आणि फटाके घेऊन आपल्या टप्प्यात फिरतो, पुढच्या गस्तीवाल्याशी पुस्तिका बदलतो आणि परत फिरतो. रूळ उखडलेला किंवा दरड आलेली दिसली, तर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावून त्याला गाडी थांबवायची असते. मुसळधार पावसात, अंधारात, पायाखाली वाहती खडी असताना १२०० मीटर धावणे म्हणजे काय, हे बैठकीतल्या साहेबांना सांगून कळणार नाही. २२ जून २००३ रोजी कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. त्यानंतर त्या मार्गावर पावसाळ्यात गस्त वाढली आणि गाड्यांचे वेग कमी झाले. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडीला उशीर होतो म्हणून कुरकुरणाऱ्या प्रवाशाला त्यामागची ही किंमत माहीत नसते.

आता त्याच पुलाखालून वाहणारी नदी पुढे कुठे जाते? गावात. पुलावरच्या पहारेकऱ्याने पाणी धोक्याच्या खुणेवर गेल्याचे स्टेशनमास्तरला कळवले, स्टेशनमास्तरने कंट्रोलला कळवले, गाडी थांबली, रेल्वेपुरते काम झाले. खालच्या गावच्या सरपंचाला, तलाठ्याला, तहसीलदाराला ही बातमी कोण देतो? आणि उलट बाजूने, धरणातून पाणी सोडल्याची बातमी पुलावरच्या माणसापर्यंत किती वेळात पोचते? २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. सगळ्यांचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण कुणाला किती वाजता काय माहीत होते आणि ते पुढच्या माणसाला कधी कळले, हा प्रश्न कौतुकाच्या गर्दीत मागे पडला. आमच्या मते तोच खरा प्रश्न होता.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मोबाईलची यंत्रणा कोलमडली आणि माणसे जागच्या जागी अडकली. अशा वेळी रेल्वेची स्वतःची संपर्कयंत्रणा असते. स्टेशनमास्तरच्या टेबलावरचा कंट्रोलचा फोन बाजारातल्या कंपनीच्या टॉवरवर अवलंबून नसतो. लहान गावात तर तो एकच फोन चालू असण्याची शक्यता असते. जिल्ह्याच्या आराखड्यात त्याची नोंद किती ठिकाणी आहे?

टपालाचे तर विचारूच नका. देशात दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास खेड्यांत आहेत. कोणत्या घरात एकटी म्हातारी राहते, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाचा मुलगा परगावी आहे, कोणाला ऐकू येत नाही, हे पोस्टमनला आणि ग्रामीण डाक सेवकाला विचारा. २०२० च्या टाळेबंदीत बँकेत जाता येत नव्हते तेव्हा पोस्टमनने दारात उभे राहून, बोटाचा ठसा घेऊन, पेन्शनचे पैसे हातात दिले. हीच माहिती सरकार ‘असुरक्षित घटकांची यादी’ या भारदस्त नावाने गोळा करू पाहते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले, गाव गाढ झोपेत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. अशा वेळी बाहेरची मदत कितीही वेगाने निघाली तरी पहिले काही तास ढिगारा उपसणारे हात शेजाऱ्यांचेच असतात. २ जून २०२३ ला ओडिशात बहनगा बाजारजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला, तेव्हाही डब्यांतून जखमींना आधी बाहेर काढले ते आसपासच्या गावकऱ्यांनी. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलेले नव्हते.

ओडिशाचा विषय निघालाच आहे, तर तिथे नोकरी करणारे आपले मराठी साथी याची साक्ष देतील. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभे केले, किनाऱ्यावर पक्की निवारागृहे बांधली, गावोगावी समित्या केल्या आणि त्यांच्याकडून दरवर्षी सराव करून घेतला. २०१३ च्या फायलिन वादळात दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. २०१९ च्या फनीच्या वेळी सुमारे बारा लाख लोक हलवले. पुरीतून पर्यटकांना बाहेर काढायला रेल्वेने खास गाड्या सोडल्या. गंजाम जिल्ह्यातले वेंकटरायपूर आणि जगतसिंगपूर जिल्ह्यातले नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने ‘त्सुनामीसाठी सज्ज’ म्हणून मान्यता दिली. ही काही श्रीमंत गावे नव्हेत. त्यांनी नकाशा काढला, पळण्याची वाट ठरवली, कोण कोणाला उठवणार ते ठरवले आणि ते करून पाहिले.

केंद्र सरकारची ‘आपदा मित्र’ योजनाही आहे. आधी ३० जिल्ह्यांत प्रयोग झाला, मग ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवण्याचे ठरले. स्वयंसेवकाला प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा मिळतो. योजना चांगली आहे, आम्ही तिला नावे ठेवत नाही. पण ज्या कामगाराचे रोजचे कामच धोका ओळखण्याचे आहे, त्याला या मोजणीत जागा का नाही?

इथे आमचेच काही साथी विचारतील, आधीच कामाने कंबर मोडली आहे, त्यात हे आणखी एक ओझे कशाला? प्रश्न रास्त आहे. २०२२ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितले की रेल्वेत तीन लाखांच्या आसपास पदे रिकामी आहेत. गँगमनला आता ‘ट्रॅक मेंटेनर’ म्हणतात. नाव लांबले, टोळीतली माणसे मात्र घटली. ग्रामीण डाक सेवकाला चार-पाच तासांचा भत्ता द्यायचा आणि गावाचे सगळे काम त्याच्या गळ्यात घालायचे, ही रीत जुनीच. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो: हे काम फुकटच्या समाजसेवेचे म्हणून कामगाराच्या माथी मारता कामा नये. प्रशिक्षण कामाच्या वेळेत व्हावे. आपत्तीतली सेवा ही ड्युटी धरावी. त्यात जखमी होणाऱ्याला किंवा जीव गमावणाऱ्याला, तो कायम असो, ग्रामीण डाक सेवक असो की ठेकेदाराचा असो, एकसारखी भरपाई मिळावी. गस्तीवर एकट्याला पाठवू नये. आणि रिकाम्या जागा भराव्यात, कारण जी टोळीच उरली नाही तिला आराखड्यात लिहून काय उपयोग?

साधने नाहीत असे कुणी सांगू नये. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हते, तेव्हा कोट्याच्या कारखान्यात वाघिणी धुऊन तयार झाल्या आणि मिरजेहून पाण्याची पहिली गाडी निघाली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. कामगारांनी ते करून दाखवले. पण ती धावपळ तहान लागल्यावर झाली. अशा वाघिणी कुठे आहेत, त्या स्वच्छ व्हायला किती दिवस लागतात, भरण्याची सोय कोणत्या स्थानकात आहे, हे जिल्ह्याच्या कागदावर आधीपासून असायला हवे.

कलम ३१ प्रमाणे जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घेणे बंधनकारक आहे आणि त्याच्या प्रती जिल्ह्यातल्या सरकारी खात्यांना मिळायला हव्यात. २०२५ च्या दुरुस्तीने राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळ्या प्राधिकरणाची तरतूद झाली आहे, तेव्हा नागपूर, सोलापूर, कल्याणच्या शाखांना आता दोन दारे ठोठावावी लागतील. प्रत्येक शाखेने एप्रिलमध्येच पत्र द्यावे, आराखड्याची प्रत मागावी, मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा आणि मान्सूनपूर्व बैठकीला रेल्वे व टपालच्या कामगार प्रतिनिधीला बोलावण्याची मागणी करावी. प्रत हाती आली की आधी दूरध्वनी क्रमांकांचे पान उघडा. तारसेवा २०१३ मध्येच बंद झाली. तारघराचा क्रमांक अजून तिथे असेल, तर आढावा कसा घेतला जातो ते कळेल. मग आपल्या स्टेशनमास्तरचा आणि पोस्टमास्तरचा क्रमांक शोधा. असेल तर फिरवून पाहा, नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्या.